बशीरभाईने मोडलेला हवेचा सौदा

बशीरभाई माणूस भेटला की आधी त्याचे दात बघायचा. घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात जन्मभर दलाली केलेली, तिथलीच खोड. एकदा मला म्हणाला, "आक्का, चारच ऱ्हायले. आता बाजारात कुनी इचारनार न्हाई तुमाला." मी म्हटलं, "तुला तरी कोण दावणीला बांधतंय?" शेजारी होता, पण आमचं बोलणं असंच.

त्याचे सगळे सौदे रुमालाखाली. रुमालाआड हात धरायचा, बोटं दाबून भाव सांगायचा. बघणाऱ्यांना पत्ता लागत नाही. मुलीचं लग्न ठरवताना व्याह्याचाही हात त्याने रुमालाखाली ओढला होता.

तीन वर्षांपूर्वी पुण्याचा एक साहेब गावात आला. म्हणाला, परदेशातल्या कंपनीचे कारखाने धूर सोडतात, तुमची झाडं तो खातात, म्हणून कंपनी तुम्हाला पैसे देईल. फक्त तीस वर्षं झाड तोडणार नाही, असं लिहून द्या. माझ्या बांधावर अकरा बाभळी. घराचे पत्रे गळत होते. मी पेन उघडलं.

"थांबा आक्का." बशीरभाईने साहेबाभोवती एक फेरी मारली. "साहेब, माल कुठं हाय?"

"हवेत आहे. दिसत नाही. आम्ही झाडाचा घेर मोजतो."

"म्हंजी गाईचं पोट मोजायचं. गाभन हाय का फुगलीय, कसं कळनार?"

लोक हसले. तो हसला नाही. "परवा बाजारात उभी म्हैस उन्हानं पडली. हायेत त्या दुधाला आटल्या. त्याचं काय देती तुमची कंपनी?"

"ते योजनेत बसत नाही."

"धूर त्यांचा, ऊन आमचं, आन् कुऱ्हाड बी आमीच खाली ठिवायची? बरं, भाव बोला." त्याने खांद्यावरचा रुमाल साहेबाच्या हातावर टाकला.

बोटं दाबायची, हे साहेबाला दोनदा समजवावं लागलं. शेवटी त्याने काहीतरी दाबलं. बशीरभाईने रुमाल झटकला. "न्हाई जमत. पेन मिटा, आक्का."

मिटलं. मागून त्याला भरपूर शिव्या घातल्या. भाव विचारला, तर म्हणे, "रुमालातलं भाईर सांगत न्हाईत." आमच्याकडे जनावर विकलं तरी दावं घरी ठेवतात. तो म्हणाला, "जनावर इकावं, दावं इकू न्हाई. त्यो तर नुसतं दावंच मागत हुता." मी वर्षभर त्याच्याशी बोलले नाही. पत्रे अजून गळतात.

यंदा वैशाखात तो गेला. कबरीत मयतावर आडव्या टाकायला फळ्या लागतात. वखारी बंद, आणि त्या उन्हात मयत ठेवणार किती वेळ? मी त्याच्या थोरल्याला म्हटलं, माझी सगळ्यांत जाड बाभळ पाड. दुपारपर्यंत फळ्या झाल्या. कुणाला विचारावं लागलं नाही.

आता बांधावर दहा आहेत. अकरावीच्या वाटणीचा धूर कुणी खायचा, ते त्या कंपनीने बघावं.