कुलपातला मायक्रोस्कोप

आणि पुन्हा लेन्सवर कुंकू लावलंच!

किती वेळा सांगायचं? हार घाला, नारळ फोडा, काय करायचं ते करा. पण लेन्सला बोट लावू नका.

माझ्या थोरल्या बहिणीला, अक्काला, जाऊन आज वर्ष झालं. शाळेनं कार्यक्रम ठेवला. चुलतभाऊ संतोषनं व्हिडिओ पाठवला. हितं ओमानला पोकलेनच्या केबिनमध्ये बसून बघितला आणि डोकंच फिरलं.

टेबलावर अक्काचा फोटो. शेजारी तिनं स्वतःच्या पगारातनं शाळेला दिलेला मायक्रोस्कोप. त्याला हळद, कुंकू, झेंडूचा हार.

भाषणं झाली. मायक्रोस्कोप परत कपाटात. कपाटाला कुलूप.

दिल्यापासून एकाही पोरानं त्यातनं बघितलेलं न्हाय.

अक्का नववीत होती तवा पण हेच. शाळेतला जुना मायक्रोस्कोप फक्त खंडेनवमीला बाहेर निघायचा. पूजा झाली की आत. एका वर्षी अक्कानं तेवढ्यात वाकून डोळा लावला.

घरी आल्यावर मी विचारलं, "काय दिसलं गं?"

"नुसतं लाल. कुंकू हाय सगळं. ओढणीनं पुसाय गेले तर सर वरडले, ए पोरी, फुटंल!"

त्या एका 'फुटंल'च्या रागावर ती बारामतीला बीएस्सी, पुण्याला एमएस्सी आणि जर्मनीला जाऊन फिजिक्सची डॉक्टर झाली.

परत येऊन सरकारी प्रयोगशाळेत आयुष्यभर काय बघितलं? थेंब.

साबणाच्या पाण्यात सोडलेला तेलाचा थेंब. इंजिन न्हाय, शेपूट न्हाय, तरी आपला आपण पळतो.

आमचे चुलते, तात्या, उसाला पाणी देता देता म्हणाले, "एवढं शिकलीस तर ठिबकचं काढ की कायतरी. तुझ्या थेंबाचा उसाला काय उपयोग?"

"माहीत न्हाय, तात्या."

"मग सरकार पगार कशाचा देतंय?"

"माहीत न्हाय त्याचाच!"

मला फोनवर थेंबांचे व्हिडिओ दाखवायची. एकदा म्हणलं, "अक्का, ह्याला ढकलतंय कोण?"

"कोण न्हाय. तो साबण वापरत जातो. जिकडं न वापरलेला साबण, तिकडं पळतो."

"मग मागं का फिरत न्हाय?"

"मागचा त्यानंच वापरून टाकलाय की."

"म्हंजे माझ्यासारखाच. गावात माझं काय उरलं न्हाय."

"गप ए पोकलेन! थेंबाला डोकं नसतं. तुला हाय."

आठवी नापास माणसाला एवढं कळलं. शाळेतल्या पोरांना कळणार न्हाय?

आज हेडसरांना फोन लावला. "सर, पोरांना बघू देता का त्यातनं?"

"अरे बाळा, ताईंची आठवण आहे ती. पोरांच्या हातात दिली आणि फुटली म्हणजे?"

परत तेच.

सर, माणूस कॅन्सरनं गेलं. डोळ्यांदेखत गेलं. ते कुणाला जपता आलं न्हाय, आणि वस्तू कसली जपताय?

जपायचीच असती तर अक्कानं आमच्या घरात ठेवली असती. शाळेला दिली ती पोरांनी हात लावावा म्हणून.

चौकात फ्लेक्स लावलाय, 'गावाची शान'. तो उतरवला तरी चालंल. कपाट उघडा.

सोमवारी संतोष शाळेत येईल. लेन्स पुसायचं कापड, काचपट्ट्या, साबण, तेल, सगळं घेऊन. कुलूप काढायचं. पहिला डोळा नववीच्या पोरींनी लावायचा.

आणि फुटला तर फुटू दे. दुसरा घ्यायचे पैसे फुटायच्या आधीच संतोषच्या खात्यावर टाकतोय.

जा अक्का. हिकडचं मी बघतो.

अठरा हजार रुपये. संतोषला टाकले.