तीन हजार ताटं आणि एक फाईल

आधी चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसायचा आणि मग समोरच्या अशिलाला विचारायचं, "लग्नात ताटं किती उठली?" घटस्फोटाचा अर्ज टाइप करण्याआधी आमच्या टायपिस्टकाकांचा हा पहिला प्रश्न. उस्मानपुऱ्यातल्या माझ्या ऑफिसात ते बारा वर्षं होते. उत्तर "दोनशे" आलं तर म्हणत, "सुटताल लवकर." "दोन हजार" आलं की माझ्याकडे वळत, "साहेब, तीन वर्षं धरा." कायदा मी शिकलो होतो, पण अंदाज त्यांचाच बरोबर निघायचा. मांडव जितका मोठा, तितकी वसुलीची खाज जास्त.

निघताना अशिलाला सल्ला फुकट मिळे. "धाकट्याचं तरी यादी पे शादी करा. याद्या झाल्या की तिथंच अक्षता. मिटलं!" यानं माझं पुढचं उत्पन्न बुडालं असतं, पण ऐकत कोणीच नसल्यामुळे मी निश्चिंत होतो.

त्यांनी स्वतःही ऐकलं नाही. एकुलत्या एका मुलीच्या लग्नाला बिडकीनचा प्लॉट विकला आणि पडेगावला लॉन ठरवलं. डीजे, ड्रोन, नवरदेवाला बग्गी, तीन हजार ताटं. मी हळूच विचारलं, "काका, यादी पे शादी?"

"भावकीत रहावं लागतं साहेब. लोकं काय म्हणतील?"

लोक वरणात मीठ कमी आहे म्हणाले.

सव्वा वर्षात मुलगी परत आली. नवरा हात उचलायचा. सासरचे म्हणाले, संमतीनं मोकळी करतो, पण सामानाचं नाव काढायचं नाही. काका पेटले. अकरा कागदांची यादी टाइप करून आणली. सोफा, फ्रिज, अंगठी, बग्गीचं भाडं, मानपानाच्या टोप्यासुद्धा. "चमचा सोडणार नाय!" मी मनात तीन वर्षं धरली.

मुलगी शेजारी बसून सगळं वाचत होती. शेवटी म्हणाली, "बाबा, यात माझी कागदं नाहीत."

"कोणती?"

"बीएस्सीची. मार्कमेमो, टीसी, सगळी त्यांच्या कपाटात राहिली. आत्ताच नोकरी लागलीय, तिथं महिन्यात दाखवली नाहीत तर जाईल."

काकांनी चष्मा काढला. पुसला, परत पुसला. टोप्या मोजणाऱ्या बापाला लेकीची पदवी आठवली नव्हती, कारण ती लग्नात दिलेली नव्हती. मग त्यांनी अकराही कागद फाडले आणि नव्या कागदावर एवढंच टाइप केलं, की मुलीची मूळ कागदपत्रं परत द्यावीत, बाकी काही मागणं नाही.

आठवड्यात सासरहून कागदांची फाईल आली. काका एकेक कागद बोटानं तपासत होते. "हाय... हाय... हे बी हाय." फाईल लेकीच्या हातात देताना म्हणाले, "तीन हजार लोकं जेवून गेले साहेब. पोरगी काय शिकली, एकानंबी इचारलं नाय. म्या बी नाय." त्या दिवशी मला फी मागवेना. वकिलाच्या आयुष्यात असे दिवस थोडे.

काका आता लेकीकडे पुण्याला असतात. त्यांच्या खुर्चीत नवा टायपिस्ट बसतो, तो अशिलांना काही विचारत नाही. मीच विचारतो. ताटांचं नंतर. आधी विचारतो, "मुलीची कागदं कुणाच्या कपाटात आहेत?"