आप्पांच्या घरचा दहावा

एका जिवंत माणसासाठी मी घोडनदीच्या घाटावर ढसाढसा रडले होते. आज दाराशी ओल्या झेंडूचा वास आला, आत नात मोबाइलवर धंद्यासाठी ओळखी जोडत बसलेली, आणि मला तो घाट आठवला.

तेव्हा शिरूरला मी जेवणाच्या ऑर्डरी घ्यायला लागले होते. लागले कसली! एकही मिळत नव्हती आणि नवी पातेली घरात आ वासून पडली होती. ओळखी वाढवायच्या म्हणून मी बारसं, साखरपुडा, दहावा, काही सोडत नसे. आडतदार आप्पांच्या घरी दहावा आहे एवढं कानावर पडलं आणि मी घाटावर निघालेच. गेलं कोण, हे विचारायचं भान कुठलं? सगळे कावळ्याची वाट बघत होते, माझी नजर गिऱ्हाइकं शोधत भिरभिरत होती. शेवटी मी आप्पांच्या सुनेच्याच गळ्यात पडले.

"आप्पा म्हंजी देवमाणूस हो! तेराव्याच्या जेवणाची काळजी करू नका, मी हाय!"

तिनं पदर तोंडाला लावला. खांदे हलायला लागले, तशी मी आणखी मोठ्यानं रडले. आता वाटतं, त्या पोरीला दहा दिवसांत पहिल्यांदाच हसू आलं असावं.

मग ती माझ्या कानाशी म्हणाली, "काकू, सासूबाई गेल्या. आप्पा ते काय, झाडाखाली तंबाखू मळत्यात. पण त्यांना देवमाणूस म्हणणारं आजवर कुणी भेटलं न्हाई, तवा तेराव्याचं जेवण तुम्हीच करा."