मयत सभासदांची पाकिटं

छापलेली नोटीस तळहातावर ठेवून अप्पा डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "लई जड झाली. एक पान काढा, न्हाईतर तिकीट वाढतंय." तराजूवर ठेवली की खरोखरच जास्त भरायची.

मी माजलगावजवळच्या एका सहकारी साखर कारखान्यात शेअर विभागाचा कारकून. दरवर्षी सर्वसाधारण सभेच्या नोटिसा अप्पांच्या छापखान्यातून, पायाने चालवायच्या ट्रेडल यंत्रावर निघायच्या. छपाई, घडी, पत्ते चिकटवणं, पोस्टात टाकणं, सगळं त्यांच्याकडेच. तुम्हीही छापखानेवाले पाहिले असतील, कामाशी काम ठेवणारे. अप्पा मात्र पत्त्यांची यादी मोठ्याने वाचायचे आणि नावागणिक चौकशी करायचे: याच्या विहिरीला पाणी लागलं का, त्याची सून नांदायला आली का. मी वैतागून म्हणायचो, नोटीस छापायची आहे, सोयरीक जुळवायची नाही. ते हसायचे आणि पुढच्या नावाला लागायचे.

सलग दुसऱ्या दुष्काळात ऊस जळाला, गाळप बंद राहिलं. टपालखर्च वाचवा, मयत सभासदांची नावं यादीतून काढा, असा वरून हुकूम आला. त्याच सभेपुढे ठराव होता की ज्या मयतांच्या वारसांनी सभेपर्यंत अर्ज केला नाही, त्यांचे शेअर रद्द. मला दोन्ही ठाऊक होतं. तरी मी मुकाट्याने नावांवर रेघा ओढल्या.

अप्पांनी यादी पाहिली. ठरावाचे छपाईचे खिळे त्यांनीच जुळवले होते.

"सायेब, माणूस मेला म्हंजे घर मेलं का?"

माझ्या हातात काही नाही, असं मी म्हणालो. उरल्यासुरल्या कागदावर अप्पांनी रेघा मारलेल्या नावांच्या नोटिसा जादा काढल्या. टँकर चार दिवसांनी यायचा. पत्ते चिकटवायची खळ त्यांनी घरच्या पिण्याच्या पाण्यात शिजवली. पाकिटं नेकनूर, धारूरकडे जाणाऱ्या एसटीच्या कंडक्टरांकडे दिली, गावोगावच्या मास्तरांना पोचवायला.

सभेच्या दिवशी माझ्या टेबलापुढे बायांची रांग लागली. घरात शेअर आहे हे कितीजणींना त्या कागदानेच कळलं होतं. मी संध्याकाळपर्यंत अर्ज घेतले. मग कारखान्याच्या मोठ्या साहेबांनी विचारलं, या नोटिसा कुणी पाठवल्या? नोकरीच्या भीतीने मी अप्पांचं नाव सांगितलं. त्याची लाज अजून गेलेली नाही.

पुढच्या वर्षी काम शहरातल्या ऑफसेटवाल्याकडे गेलं. अप्पांचं ट्रेडल बंद पडलं. रस्त्यात भेटले की ते माझ्या पोराबाळांची चौकशी करायचे, दुसरं काही नाही. दोन वर्षांनी ते गेले. मी मातीला गेलो नाही, तोंड दाखवायचा धीर झाला नाही.

अप्पाही सभासद होते, आणि वारसांच्या अर्जाची अट अजून तीच होती. पुढच्या यादीत मयतांवर रेघा ओढताना मी त्यांच्या नावावरही ओढली.

सभेच्या आदल्या दिवशी त्यांची बायको टेबलापुढे येऊन उभी राहिली. तुम्हाला कळलं कसं, मी विचारलं.

"सांगून गेलते. कागद येणार न्हाई, म्हणले. शेअरवाल्या सायेबाला नुसतं माझं नाव सांग. भला माणूस हाय."

त्या वयाच्या आमच्याकडच्या बाया उखाण्याशिवाय नवऱ्याचं नाव घेत नाहीत. त्या वर्षी रांगेतल्या बाया अप्पांचं पाकीट पुढे करायच्या, मी नाव वाचून घ्यायचो. हिचा हात रिकामा होता.

"राहू द्या, काकू," मी म्हणालो. "नाव माहीत आहे मला."

"सांग म्हणलेत ते." तिने पदर सारखा केला आणि अप्पांचं नाव घेतलं, आडनावासकट, सावकाश. मी मान वर न करता लिहून घेतलं.