नाकोबाचं नाक

नदीकाठच्या त्या कातडी कमावायच्या कारखान्यात त्याला सगळे नाकोबा म्हणायचे. नवीन माणूस आधी त्याच्या तोंडाकडे बघायचा आणि बुचकळ्यात पडायचा, कारण नाक चारचौघांसारखंच होतं, उलट जरा बसकंच. नाव पडलं होतं ते त्या नाकाच्या करामतीमुळे. कच्च्या कातड्यांचा ट्रक फाटकात शिरला की थोरले मालक आधी त्याला हाक मारायचे. हा ताडपत्री उचलून आत डोकं घालायचा आणि सांगायचा, वरची चळत ठीक आहे, खालचीला मीठ कमी पडलंय, दोन दिवसांत सडेल. ट्रकवाले त्याला मनातल्या मनात शिव्या घालायचे, पण त्याला खोटं ठरवणं एकालाही जमलं नाही.

त्या काळी कातडी झाडाच्या सालीच्या पाण्यात महिनोन् महिने मुरत पडायची. हौदांवरून आंबूस, ओल्या लाकडासारखा वास यायचा आणि तो कपड्यांत घेऊनच नाकोबा घरी जायचा. लग्नानंतर बायकोने महिनाभर नाक मुरडलं, मग तिलाही तो वास घरचाच वाटायला लागला.

पुढे धाकट्या मालकांनी एका बड्या फॅशन कंपनीचं काम धरलं. त्या कंपनीच्या दुकानात म्हणे अख्ख्या काचेमागे एकच पर्स ठेवलेली असते, आणि नवरीसारखा तिच्यावर उजेड सोडलेला असतो. तसल्या पर्सला कातडं लोण्यासारखं मऊ लागतं, आणि लागतं तेही झटपट. सालीचे हौद बुजवले. क्रोमची पूड आली, मोठी फिरती पिंपं आली, महिन्यांचं काम दोन दिवसांवर आलं. पिंपांतलं निळंहिरवं पाणी मागच्या नाल्यातून नदीत जायला लागलं. गुरांनी पहिल्याच वर्षी त्या काठाचं पाणी तोंडाला लावणं सोडलं. माणसांना कळायला अजून दोन वर्षं गेली.

नाकोबाला रंगाच्या खोलीत घेतलं. तिथे तयार कातड्यावर फवाऱ्याने रंग आणि वर चकाकी मारायची. धुळीचा एक कण बसला तरी माल परत यायचा, म्हणून खिडक्या बंद. मास्क होते, पण कपाटात. पाहुणे आले की तेवढे बाहेर निघायचे.

वास कधी जायला लागला ते त्याला कळलंच नाही. कळलं ते घरी. बायको शेजारी गेली होती आणि हा गॅसपासून दोन हातांवर पेपरातलं कोडं सोडवत बसला होता. ती जिन्यातूनच धावत आली. पातेल्याच्या बुडाशी दुधाचा कोळसा झाला होता.

“अहो, वास नाही आला तुम्हाला?” तिने विचारलं. त्याने पातेल्यावर वाकून खोल श्वास घेतला आणि नकारार्थी मान हलवली.

डॉक्टरांनी नाकात नळी घालून पाहिलं. आतलं जे वास ओळखतं ते जळून गेलंय, आता परत यायचं नाही, असं सांगून त्यांनी फवाऱ्याच्या कामापासून लांब राहायला सांगितलं. ते काही त्याला परवडणारं नव्हतं. ट्रक आला की कारखान्यात अजूनही त्यालाच बोलवायचे. तो डोकं आत घालायचा, पण हळूच कातड्यावरचे केस चिमटीत धरून ओढायचा. केस सुटून हातात आले की समजायचं, माल सडायला लागलाय. बारा वर्षं त्याने अशीच ढकलली.

घरी मात्र त्याला एक नाद लागला. संध्याकाळी गॅलरीत बसला की बायकोला विचारायचा, आता कसला वास येतोय? पहिल्यांदा ती म्हणाली, “तुमचा. आंघोळ करा.” मग त्याचा चेहरा बघून ती खरोखरच सांगायला लागली. वरच्या मजल्यावर कांदा परततायत, जरा जास्तच. खाली कुणीतरी सायकलीला तेल दिलंय. शेजारच्या चादरी वाळल्यात, साबण स्वस्तातला दिसतोय. तो डोळे मिटून ऐकायचा. एखादा वास अगदी ओठांवर आलेल्या नावासारखा जवळ यायचा आणि तिथेच अडायचा. कधी ती केस धुऊन आली की तो मागून जाऊन त्या ओल्या केसांत तोंड घालायचा, दोनतीनदा खोल श्वास घ्यायचा आणि बाजूला व्हायचा. त्या वासाबद्दल ती आपणहून काही सांगायची नाही आणि तोही विचारायचा नाही.

मग एकदा त्या कंपनीची बाई कॅमेरा घेऊन आली. दोन दिवस आधीच नाल्याचं तोंड बंद केलं होतं, खिडक्या उघडल्या होत्या. बाई शांत, बोलायला साधी. जुन्या कारागिरांची चित्रफीत करायची होती तिला. मालकांनी नाकोबाला पुढे केलं आणि कातडं नाकाशी धरून डोळे मिटायला सांगितलं. बाई म्हणाली, आमची गिऱ्हाइकं पेटी उघडली की आधी वास घेतात. तो वास शेवटी डब्यातून फवारतात, हे तिथल्या झाडूवालीलाही ठाऊक होतं.

“या वासाने तुम्हाला काय आठवतं?” बाईने विचारलं.

नाकोबाने कातडं खाली घेतलं. “मला वास येत नाही, बाई. बारा वर्षं झाली.”

मालक हसले, म्हातारा मस्करी करतोय म्हणाले. बाई हसली नाही. तिने कॅमेरा बंद केला, स्टूल ओढून त्याच्यासमोर बसली आणि कशामुळे गेला ते विचारलं. त्याने खिडक्यांचं सांगितलं, कपाटातल्या मास्कचं सांगितलं, नाला आज का कोरडा आहे तेही सांगितलं. बोलताना त्याला भीती वाटली नाही. उलट इतकी वर्षं लपवलेलं एकदाचं बाहेर पडलं म्हणून हलकं वाटलं. बाईने सगळं लिहून घेतलं.

चित्रफीत आली तेव्हा तीत पॅकिंगमधला एक दाढीवाला डोळे मिटून कातडं हुंगत होता. नाकोबाला मालकांनी त्याआधीच, आता आराम करा, म्हणून घरी बसवलं होतं. पण दोन महिन्यांनी जुना सोबती सांगत आला, रंगाच्या खोलीत हवा बाहेर फेकणारा मोठा पंखा बसलाय, आणि हवा गाळणाऱ्या डब्या लावलेले मास्क आता रोज तोंडावर असतात. नाल्याचं काय, तर नाला तसाच वाहतोय.

दुसऱ्या दिवशी नाकोबा पंखा बघायला गेला. भिंतीबाहेर गल्लीत उभा राहिला. गरम हवा तोंडावर येत होती. येणारेजाणारे बाहीने नाक दाबून पळत होते आणि हा तोंड वर करून बराच वेळ तिथेच उभा होता.

त्याच वर्षी त्याच्या लेकीला मुलगी झाली. घरातला जो तो बाळ उचलायचा आणि आधी तिचं डोकं हुंगायचा. नाकोबाने बायकोकडे पाहिलं. तिने बाळाच्या जावळाला नाक लावलं, थोडं दूध, म्हणाली, थोडं ऊन, मग थांबली, पुन्हा हुंगलं.

“हे नाही हो सांगता येत,” ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले.

तिने बाळ त्याच्या मांडीवर दिलं. त्याने वाकून नाक त्या डोक्यावर टेकवलं. टाळू उडत होती. मऊ, भरभर, नाकाच्या शेंड्याखाली. तो श्वास आत ओढत राहिला. लेक दूध पाजायला बाळ मागत होती, तरी त्याने मान वर केली नाही.