हिराबायच्या ताटातलं

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही, आणि ज्यांच्या हाताखाली काम करते त्या डॉक्टरांना तर नाहीच. मग तुम्हाला का सांगतेय? कोण जाणे. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

मी नर्स आहे. ज्यांचे कॅन्सरचे उपचार थांबले, आता फक्त त्रास कमी ठेवायचा, अशा माणसांच्या घरी जाते. रेवदंड्यापासून काशीदपर्यंतची घरं माझ्याकडे. पिशवीत वजनकाटा, दंड मोजायची टेप, बॅटरी आणि एक फॉर्म. वजन किती उतरलं? ताटातलं किती खाल्लं जातं — पूर्ण, अर्धं, पाव, की काहीच नाही? तोंडात चट्टे आहेत का, गिळताना दुखतं का?

माणूस खोटं नेमकं कुठे बोलतो, हे बघायचा मला पहिल्यापासून नाद. वजनाचं कोणी खोटं सांगत नाही, काटा समोर असतो. जेवणाचं मात्र सगळेच सांगतात. "जेवलात का?" या प्रश्नाला आपल्याकडे "नाही" म्हणतं कोण? मी गालातल्या गालात हसायचे आणि ताटच बघायला मागायचे. इतकी हुशार होते मी!

रेवदंड्याच्या हिराबायना पोटाचा कॅन्सर होता. मुलगा बोटीवर. सून सुरेखा सकाळी रांधून, सासूचं ताट झाकून ठेवून बाजारात मासळी विकायला जायची. मी दर गुरुवारी दुपारी पोचायचे तेव्हा घरात हिराबाय एकट्याच असायच्या.

पहिल्याच गुरुवारी त्यांनी झाकलेलं ताट माझ्याकडे सरकवलं. भात, तांदळाची भाकरी, ओल्या बोंबलाचं कालवण.

"तू खा गो बाय. ताट तसाच ऱ्हायला तं सून रडत बसतं."

मी दोनदा नको म्हणाले. तिसऱ्यांदा जेवले. दया आली म्हणून? थोडीशी. पण भूक लागली होती, आणि — खरंच सांगते — कालवण फार सुंदर होतं. मग हात धुऊन फॉर्म उघडला आणि ताटाच्या रकान्यात लिहिलं, "पूर्ण". खोटं तरी कुठे होतं? ताट रिकामंच तर होतं.

एकदा "पूर्ण" लिहिल्यावर पुढच्या गुरुवारी "काहीच नाही" कसं लिहायचं? पुन्हा जेवले. बाकीच्या दिवशी ते ताट मागच्या दारी मांजराला जायचं, हेही हिराबायनीच मला हसत हसत सांगितलं. मांजराला निदान फॉर्म भरायचा नव्हता.

आणि तोंड? तोंड बघायचं म्हणजे त्या का जेवत नाहीत हे विचारावं लागलं असतं, आणि माझ्या कागदावर तर त्या जेवत होत्या. मी बॅटरी पिशवीतून काढलीच नाही. "तोंड ठीक", लिहून मोकळी. हातच्या कांकणाला आरसा कशाला म्हणतात — त्यांच्या बांगड्या कोपराच्या वर चढायला लागल्या होत्या, आणि टेप लावताना मी त्या बाजूला सारत होते. दंडाचे आकडे मात्र खरे लिहिले. एकाच कागदावर खरं आणि खोटं असं शेजारी शेजारी मी कसं बसवलं? मला अजून नवल वाटतं.

डॉक्टर फॉर्म बघून म्हणाले, या आजारात खाल्लेलं अंगी लागत नाही. तसं होतंही. मी मान डोलावली.

पाचव्या गुरुवारी मी रजेवर होते. माझ्या जागी गेलेल्या नर्सने बॅटरी लावली. जिभेपासून घशापर्यंत पांढरा जाड थर, बुरशीचा. साधं औषध. आठवड्याभरात हिराबायनी स्वतःहून कालवण-भात मागितला, अर्धं ताट खाल्लं. असे दहा-बारा दिवस त्या चवीने जेवल्या, मग गेल्या. आजार बरा होणार नव्हताच. पण त्याआधीचा महिना त्या घास गिळता येत नाही म्हणून उपाशी राहिल्या, आणि ते माझ्यामुळे. ताटाचं गुपित त्यांनी शेवटपर्यंत कोणाला सांगितलं नाही. सुनेसाठी, की माझ्यासाठी?

इथवरच असतं तर कदाचित मी कधीतरी कोणाला सांगितलंही असतं.

दहावं झाल्यावर भेटायला गेले. घर माणसांनी भरलेलं. हिराबायची अलिबागची मुलगी सुरेखाला सगळ्यांदेखत विचारत होती, "आयचा तोंड महिनाभर आलेला, आनि ताट रोज रिकामा? आय जेवत व्हती, का तूच जेवत व्हतीस?"

सुरेखाचा नवरा खाली बघत होता. तेवढ्यात सुरेखाला मी दिसले आणि तिचा चेहरा एकदम उजळला.

"ताई, तुमी बसायच्या ना आयजवल? सांगा ना यांना."

सगळे माझ्याकडे वळले. एक वाक्य पुरलं असतं.

"मला ताटाचं काही माहीत नाही," मी म्हणाले. "मी फक्त माप घ्यायला यायचे."

सुरेखा माझ्याकडे बघत राहिली. नणंद म्हणाली, "बघ." मग सुरेखा उठली आणि माझ्यासाठी चहा टाकायला आत गेली. तो चहा मी घेतला.