मरोळची वाफ

टीव्हीवर बातम्यांच्या शेवटी उपग्रहाचं चित्र दाखवायला लागले आणि आमच्या चाळीत माझा भाव वधारला. मी विमानतळाजवळच्या हवामान कार्यालयात कामाला होते. चाळीतल्या बायका मला गॅलरीत अडवून विचारायच्या, "काय गं, उद्या पापड घालू ना वाळत? वरून बघून सांग." जणू मीच वर बसलेली असायचे.

माझं काम तसं साधं होतं. मशिनमधून जळकट वासाच्या कागदावर चित्र बाहेर यायचं. त्यात ढग असायचे, पण ढगांखालचा किनारा कळायचा नाही. तो मी शाईने काढायचे. गुजरातपासून खाली कन्याकुमारीपर्यंत हात न उचलता रेघ ओढायची. ती जरा सरकली की मुंबईचे ढग समुद्रात जायचे आणि साहेब ओरडायचे. मला ते काम मनापासून आवडायचं. म्हणून तर पुढचं सगळं जास्त लागलं.

आमचं घर मरोळला, औद्योगिक वसाहतीच्या भिंतीला लागून. भिंतीपलीकडे लोखंडी पत्रे ॲसिडमध्ये बुडवून साफ करायचा कारखाना होता. सकाळी तिथली पांढरी वाफ भिंतीवरून चढून सरळ आमच्या गॅलरीत यायची. थंडीत ती वर जायचीच नाही, चाळीतच मुक्काम ठोकायची. आईची छाती त्या वाफेने गेली. पोळ्या लाटताना ती मध्येच थांबायची, लाटणं टाकून ओट्याला धरून उभी राहायची आणि श्वास परत आला की पुन्हा लाटायला घ्यायची. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, एक तर ही वाफ थांबवा, नाहीतर बाईंना इथून हलवा. आईला हलायचं नव्हतं. लग्न होऊन ती याच खोलीत आली होती.

दोरीवरच्या तिच्या सुती साड्यांना बारीक भोकं पडायची. सुईने टोचल्यासारखी. एक साडी घेऊन ती चाळीतल्या माणसांबरोबर कारखान्याच्या मॅनेजरकडे गेली. तो हसला. म्हणाला, "अरे बाई, थंडीचं धुकं आहे ना हे! लोक पैसे देऊन लोणावळ्याला जातात बघायला."

आणि साडीची भोकं? "साबण बदला."

धुक्यात कपडे दमट होतात हे कोणत्याही बाईला कळतं. आमचे या 'धुक्यात' कडकडीत वाळायचे. आई घरी येऊन एवढंच म्हणाली, "माका येडी समाजता तो." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आजही तो लोणावळा आठवला की जाते.

चाळीने सरकारी कचेरीत तक्रार केली. बरेच खेटे घातल्यावर एक इन्स्पेक्टर हलला. पण आला कुठे? चाळीत नाही, कारखान्यात नाही. वाफ आहे की धुकं ते ठरवायला तो आमच्या कार्यालयात आला आणि साहेबांच्या केबिनमध्ये पंख्याखाली बसला. चित्रं घेऊन मीच आत गेले.

साहेबांच्या टेबलावर काचेखाली एक परदेशी चित्र होतं. दूरच्या कुठल्यातरी बेटावरचा ज्वालामुखी आणि त्यातून निघालेली वाफेची लांब पांढरी रेघ. येणाऱ्या प्रत्येकाला साहेब ते दाखवायचे. इन्स्पेक्टरलाही दाखवलं. "बघा, समुद्रापलीकडच्या डोंगराची वाफ वरून दिसते. काय यंत्र आहे!" इन्स्पेक्टर चहाचा कप हातात धरून बघतच राहिला. मग साहेबांनी भिंग घेतलं आणि मी रेघ ओढलेल्या किनाऱ्यावरून फिरवलं. "मुंबई साफ आहे. धुकं नाही, धूर नाही, काही नाही."

मी म्हणाले, "सर, या चित्रातल्या एका ठिपक्यात मरोळ, चकाला, साकीनाका सगळं गडप होतं. एका कारखान्याची वाफ त्यात दिसणार कशी?"

"चित्रात नाही म्हणजे नाही," साहेब म्हणाले. "आपण शास्त्राने बोलायचं."

"मग एकदा सकाळी आमच्या खिडकीत येऊन उभे राहा. दोघंही या. श्वास घेऊन बघा."

साहेब इन्स्पेक्टरकडे बघून हसले. "अहो बाई, अवकाशातून दिसत असताना खिडकीत कशाला उभं राहायचं?"

इन्स्पेक्टरही हसला. त्याला हात झटकायला कारण हवंच होतं, ते साहेबांनी भिंगासकट दिलं. साहेबांना कारखान्याकडून काही मिळत नव्हतं, हे मला माहीत होतं. तसं असतं तर निदान समजलं तरी असतं. त्यांना फक्त आपल्या यंत्राची शेखी मिरवायची होती आणि त्यासाठी माझ्या आईचा श्वास खर्ची पडला.

तक्रार निकाली निघाली. महिन्याभरात आई-वडील गावी गेले. निघताना आईने खिडकी लावली, कडी घट्ट बसली का ते दोनदा बघितलं आणि मला म्हणाली, "दोरयेर कपडे घालू नको गो. भोकां पडतली." रडली नाही. मीच एसटी स्टँडवर सगळ्यांसमोर रडले.

त्याच थंडीत एकदा मुंबईत खरं धुकं पडलं. क्वचित पडतं, पण त्या सकाळी असं पडलं की कार्यालयाच्या दारातून फाटक दिसेना. विमानं खोळंबली. फोनवर फोन यायला लागले, कोणी मंत्री अडकले होते म्हणे. धुकं किती, कुठपर्यंत, कधी हटणार! साहेब बुटाची नाडी न बांधताच धावत आले. विमानं अडकली तर धुक्याची एवढी काळजी असते, हे मी त्या दिवशी डोळ्यांनी बघितलं.

"चित्र काय सांगतंय?" त्यांनी विचारलं.

पहाटेचं चित्र माझ्यासमोर होतं. अंधारातलं चित्र उष्णतेवरून काढतात. जमिनीला चिकटलेलं धुकं जमिनीइतकंच गार असतं, त्यामुळे ते जमिनीपासून वेगळं दिसत नाही. हे साहेबांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. घाबरल्यामुळे विसरले असतील.

"मुंबई साफ आहे, सर," मी म्हणाले. "धुकं नाही."

"नाही काय नाही!" ते किंचाळले. "चित्राला काय चाटायचंय? खिडकीतून बघा की!"

खोलीत चौघेजण होते. मी हातातली शाईची लेखणी खाली ठेवली.

"आमच्या घरालाही खिडकी होती, सर. आई ती लावून गावी गेली."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना आठवलं, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. ते काहीतरी बोलणार होते, पण तेवढ्यात पुन्हा फोन वाजला आणि त्यांनी तो उचलला.